नवा पाळणा आणण्याआधी

प्रश्न : ताई, विरारच्या पुढे, महामार्गापासून थोडं आत आमचं बारा एकरांचं मनोरंजन उद्यान आहे. वडिलांनी नव्वदच्या दशकात काढलं. आकाशपाळणा, कोलंबस म्हणजे झुलणारं जहाज, ब्रेक डान्स, टोरा टोरा, डॅशिंग कार, छोटा ड्रॅगन कोस्टर, भुताचं घर आणि एक तळं, त्यात पायाने चालवायच्या बोटी. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, त्यावर वर्ष निघतं. रविवारी मुंबईहून कुटुंबं येतात, पण दुपारी तीनपासून निघायला लागतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. पावसाळ्यात तर फाटक उघडायचं की नाही इथपासून विचार. मुलगा म्हणतो, परदेशातून वापरलेला मोठा रोलर कोस्टर आणू, बँक कर्ज द्यायला तयार आहे. वडील म्हणतात, नीट रंग मारा, पुरे. पैसा एकदाच घालता येईल. कुठे घालू? – नाव छापू नये, विरार

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. लोक दुपारी तीनला निघायला लागतात. रविवारची झोप मोडून, विरार लोकल आणि पुढे रिक्षा करून, तिकिटाचे पैसे मोजून अकरा वाजता आत आलेलं कुटुंब चार तासांत का निघतं? याचं खरं उत्तर हाती आलं की पैसा कुठे घालायचा हा प्रश्न अर्धा सुटतो.

जरा हिशेब मांडा. तुमच्याकडे सात राइड्स आहेत, एकेक दोन-तीन मिनिटांची. सगळ्या एकदा केल्या तर माणूस पाळण्यात बसतो जेमतेम वीस मिनिटं. उरलेले साडेतीन तास तो चालतो, रांगेत उभा राहतो, पोरं शोधतो, बाथरूम शोधतो, खातो आणि सावली शोधतो. तुमच्या घरात तीन पिढ्यांचा वाद चालला आहे तो त्या वीस मिनिटांवरून. मला बोलायचंय त्या साडेतीन तासांबद्दल.

म्हणून पहिलं काम, ज्याला खर्च नाही. पुढच्या रविवारी एका कुटुंबाला विचारून, त्यांच्या परवानगीने, दिवसभर त्यांच्या मागे राहा. हातात घड्याळ आणि वही. किती मिनिटं चालले, किती उभे राहिले, किती वेळ बसायला जागा मिळाली, कुठे थबकले, कुठे आईने मुलाला दटावलं, सगळं लिहा. मुलालाही दुसऱ्या कुटुंबामागे पाठवा. आणि तीन वाजता बाहेर पडायच्या फाटकाशी उभे राहून लोकांना विचारा, ‘निघायचं कधी ठरवलंत?’ ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्यावर लोक ‘छान’ म्हणतात आणि निघून जातात. निघायचं कधी ठरवलं म्हटलं की माणूस आठवतो आणि खरं बोलतो : बाळ किरकिर करायला लागलं, आईचे गुडघे दुखायला लागले, टोरा टोराच्या रांगेत ऊन लागलं. माझ्या आजवरच्या कामात ‘राइड्स कमी पडल्या म्हणून निघालो’ असं सांगणारे फार थोडे भेटले. ऊन, पाय आणि बाथरूम ही कारणं सारखी भेटतात.

उन्हापासून सुरू करू. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर, तुमच्या बारा एकरांत बारा वाजता उभं राहून पाहा. पेव्हर ब्लॉकचं मोठं मैदान, त्याच्या मधोमध राइड, आणि रांग उघड्यावर. हे चित्र मी मुंबईच्या आसपास इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की न पाहताही तुमच्याकडे तसंच असेल असं धरून चालते. आधी रांगांवर छप्पर. नंतर रस्त्यांवर. झाडं या पावसाळ्यात लावाच : करंज, बहावा, ताम्हण, कडुलिंब. गुलमोहर नको, पावसात त्याच्या फांद्या मोडून पडतात आणि खाली माणसं असतात. पण झाडाची सावली मिळायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर बांबूचे मांडव घालून त्यावर मधुमालती सोडा, ती भराभर चढते. राइडच्या फिरण्याच्या कक्षेपासून झाड किती लांब हवं हे मात्र राइडच्या नकाशावरून ठरवायचं, अंदाजाने नाही.

इथे एक सूचना, कारण विक्रेते तुमच्याकडे येतीलच. पाण्याचा फवारा मारणारे पंखे घेऊ नका. राजस्थानच्या कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना हवा थंड होते. आपल्याकडे मे महिन्यात हवेतच इतकी आर्द्रता असते की ते पाणी वाफ न होता अंगावर बसतं आणि माणूस आणखी चिकट होतो. मुंबईला हवी सावली आणि वाहती हवा. उंच छप्पर, दोन्ही बाजू मोकळ्या, वर मोठे साधे पंखे. तेवढं बस्स.

बसायच्या जागा. प्रत्येक राइडसमोर, राइडकडे तोंड करून, पाठ टेकता येईल अशी बाकं, जमिनीपासून साधारण दीड फूट उंच. कट्टा चालणार नाही. कट्ट्यावरून उठताना वयस्कर माणसाला हाताने रेटा द्यायला काही नसतं. बाकाला हात हवेतच. बायकांच्या बाथरूमची संख्या पुरुषांच्या दुप्पट धरा, आणि बाळाला दूध पाजायला, कपडे बदलायला एक स्वच्छ, पंखा असलेली खोली. या खोलीला सबंध उद्यानात सगळ्यांत कमी खर्च येतो आणि ती नसली की तान्ह्या बाळाचं घर दोन तासांत निघतं. त्यांच्याबरोबर आलेली मावशी, काका, चुलत भावंडं सगळे निघतात.

रांगेबद्दल थोडं सविस्तर. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यातल्या दोन गोष्टी मी कायम जवळ बाळगते. रिकामा बसलेला वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, आणि किती वेळ लागणार हे माहीत नसलं की तो अजून लांब वाटतो. तेव्हा रांगेतून राइड दिसली पाहिजे, पाटी हवी की इथून वीस मिनिटं, आणि आई-बाप-दोन मुलं एका ओळीत न राहता गोल करून उभी राहतील इतकी, निदान चार फुटांची, रुंदी हवी. शिवाय एक सोय उद्यापासून फुकट सुरू करता येईल : ज्यांच्याकडे तान्हं मूल आहे त्यातला एक पालक राइड करेल, दुसरा बाळ धरून बाहेर थांबेल, आणि मग दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता आत घ्यायचं. मोठी उद्यानं हे कित्येक वर्षं करतात. एका बाईला आयुष्यात पहिल्यांदा कोलंबसमध्ये बसायला मिळालं तर ती पुढच्या वेळी तिच्या बहिणीला घेऊन येते.

आता तुमचा कोलंबस. चाळीस सीट धरू. फेरी दोन मिनिटांची आणि चढ-उतार चार मिनिटांची असेल तर सहा मिनिटांना एक फेरी, तासाला दहा, म्हणजे चारशे माणसं. चढ-उतार दोन मिनिटांवर आणली तर तासाला पंधरा फेऱ्या, सहाशे माणसं. नवं यंत्र न घेता तासाला दोनशे जण वाढले. कशी आणायची? चढायचा दरवाजा एका बाजूला, उतरायचा समोरच्या बाजूला. चपला-पिशव्या ठेवायची मांडणी उतरायच्या बाजूला. पुढचे चाळीस जण मोजून, ओळीने उभे करून तयार. दांडा लागला की नाही हे तपासायचा वेळ मात्र एक सेकंदही कमी करायचा नाही. वाचवायचा तो गोंधळातला वेळ. हे सगळं मी सांगण्यापेक्षा तुमचा ऑपरेटर जास्त चांगलं सांगेल. सकाळी गेट उघडायच्या आधी सगळ्या ऑपरेटरांना चहाला बसवा आणि ऐका. तुमच्या उद्यानाचा सगळ्यांत मोठा अभ्यास त्यांच्याकडे आहे, आणि त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसेल.

मुलाला एक इतिहास सांगा. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड १९५५ पासून आहे. त्याच्या दाराशी, मधल्या मोकळ्या जागेच्या पलीकडे, २००१ मध्ये त्याच कंपनीने दुसरं उद्यान उघडलं, कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर. राइड्स होत्या, नाव मोठं होतं, शेजार मोठा होता, पण लोक अपेक्षेइतके आले नाहीत, आणि आलेले लोक शेजारच्या डिस्नेलँडमध्ये निघून जात. जत्रेत मिळतात तशा राइड्स, सजावट उथळ, लहान मुलांना कमी. शेवटी २००७ मध्ये एक अब्ज डॉलरपेक्षा मोठा दुरुस्तीचा आराखडा जाहीर झाला. त्यातून २०१० मध्ये रात्रीचा पाण्याचा आणि प्रकाशाचा खेळ आला, आणि २०१२ मध्ये मोटारगाड्यांच्या कथेचा एक सबंध नवा भाग. लोकांना तो भाग आठवतो. पण त्याच वर्षी त्यांनी प्रवेशाचा अख्खा रस्ताही नवा केला, जुन्या काळातल्या लॉस एंजेलिससारखा. नवी राइड आणि तिच्यापर्यंत नेणारा रस्ता, दोन्हीवर एकदम खर्च केला, आणि संध्याकाळी थांबायला कारण दिलं. तिन्ही मिळून ते उद्यान उभं राहिलं.

पॅरिसजवळचं डिस्ने १९९२ मध्ये सुरू झालं आणि लगेच कर्जात बुडायला लागलं. फ्रान्समध्ये असूनही उद्यानात जेवणाबरोबर वाइन नाही, हा नियम १९९३ मध्ये मागे घ्यावा लागला. १९९५ मध्ये त्यांनी तिकीट उतरवलं आणि मोठा बंदिस्त रोलर कोस्टर उघडला, जो फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कल्पनेवर बेतला होता. त्याच वर्षी त्यांना पहिला नफा झाला. हा रोलर कोस्टरच होता, म्हणजे मुलगा म्हणतो त्यातही तथ्य आहे. पण त्याला तिथल्या माणसाच्या ओळखीची गोष्ट होती.

आणि कर्जाचं उदाहरण इथलंच. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. आपल्या देशात क्वचित दिसतील अशा राइड्स, बरंचसं छपराखाली. तरी कर्जाचा भार इतका की २०२२ मध्ये ताबा मालपाणी समूहाकडे गेला. चांगल्या राइड्सही व्याज फेडतीलच असं नाही. म्हणून माझं मत स्पष्ट देते : वापरलेला रोलर कोस्टर आत्ता नको. पुढेमागे घ्यायचा झाला तर मूळ कंपनीची देखभालीची पुस्तिका, सांध्यांच्या आणि वेल्डिंगच्या तपासण्यांच्या नोंदी, पायाचे नकाशे आणि सुटे भाग मिळतील याची लेखी हमी, एवढं असल्याशिवाय बोलणीच नको. समुद्र तुमच्यापासून लांब नाही. खाऱ्या हवेत लोखंड कसं खंगतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक आहे. राइड्सच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५४७५. ते मुलाच्या टेबलावर असू द्या.

मग नवं काहीच नको? हवंच. वडिलांचा रंग पुरणार नाही. पण नवं काय, हे तुमच्या दिवसातल्या मोकळ्या जागा बघून ठरवू. तुमच्याकडे आहेत त्या सगळ्या राइड्स गरगर फिरवणाऱ्या किंवा हादरवणाऱ्या. आजी आणि चार वर्षांचा नातू शेजारी बसतील, अशी एकही नाही. पावसात चालेल असं भुताचं घर आणि डॅशिंग कार सोडून काही नाही. अंधार पडल्यावर बघावं असं काही नाही. आणि तळं आहे!

तळ्यातून एक संथ बोटसफर काढा. तीन-साडेतीन फूट रुंद बोट, आठ माणसं, कमरेपेक्षा उथळ कालवा, पंपाने वाहणारं पाणी, आणि अर्ध्याहून अधिक वाट साध्या पत्र्याच्या शेडखाली, जी आतून अंधारी. मिनिटाला एक बोट सोडली तर तासाला चारशे ऐंशी माणसं जातात, म्हणजे तुमच्या आजच्या कोलंबसपेक्षा जास्त. सफर सात-आठ मिनिटांची ठेवली तर दहाएक बोटी पुरतील. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नेने अशी एक संथ बोटसफर केली होती. ती कॅलिफोर्नियात आजही चालू आहे. रोलर कोस्टर जुना होतो, चांगली बोटसफर होत नाही.

गोष्ट कुठली? बाहेर शोधू नका, वसई तुमच्या उशाला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. त्या ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराची घंटा आहे, ती त्यातलीच मानतात. मला तुमच्या बोटीत त्या घंटेमागे जायचं आहे. आधी खाडी, तिवरं, कोळ्यांच्या होड्या. मग अंधारात किल्ल्याचा दरवाजा, आत घंटेचा आवाज जवळून. मग घंटा हत्तीवर, घाटातून, पावसातून. शेवटी गोदाकाठ, दिवे, आणि प्रत्येक बोटीतल्या मुलाला एक दोरी ओढून घंटा वाजवता येते. हे लिहिताना माझा हात थांबत नाही, इतकी मला ही सफर हवी आहे. फक्त एक करा. वसईतली ख्रिस्ती मंडळी आणि कोळी, आगरी घरं, सगळ्यांतल्या वडीलधाऱ्यांना आधी भेटा, मगच पटकथा लिहा. ही लढाईची गोष्ट आहे आणि ज्यांच्या चर्चची घंटा गेली त्यांची नातवंडंही तुमच्या बोटीत बसणार आहेत. त्यांनाही ती आपली वाटली पाहिजे.

भुताच्या घराला यंत्रं नकोत, माणसं द्या. जपानच्या ओसाकातलं युनिव्हर्सल २००१ मध्ये उघडलं आणि पुढे गर्दी ओसरली. तिथे २०११ पासून हॅलोविनला झॉम्बी बनलेले कलाकार रस्त्यावर सोडले, आणि कमी पैशांत शरद ऋतूतली गर्दी उसळली. त्याच उद्यानाने २०१३ मध्ये, मोठ्या नव्या प्रकल्पात पैसा अडकलेला असताना, आहे त्याच रोलर कोस्टरची एक गाडी उलटी, पाठमोरी धावणारी केली. तासन्‌तास रांगा लागल्या. (असला बदल निर्मात्या कंपनीच्या मंजुरीशिवाय आणि नव्याने चाचण्या केल्याशिवाय कधीही करायचा नाही. तुमच्या ड्रॅगनला हात लावू नका.) आपल्याकडे दशावतारी कलाकार आहेत, ज्यांना रात्रभर उभं राहून लोकांना धरून ठेवता येतं. वेताळ, हडळ, मुंज्या, चकवा, सगळी कोकणी भुतं हाताशी आहेत. हंगामाबाहेर त्यांना नीट मानधन देऊन बोलवा.

पण तुमच्या भुताच्या घरात आत्ता थर्माकोल, फोम, कापडाचे पडदे आणि उघडी वायरिंग असेल तर उद्या सकाळी ते बंद करा. १९८४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उद्यानात भुताच्या घराला आग लागून आठ तरुण मुलं गेली. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनमध्ये लागलेल्या आगीत पंचवीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. न पेटणारं सामान, बाहेर उघडणारी दारं, अंधारातही दिसणाऱ्या बाणांच्या पाट्या, धूर ओळखणारी यंत्रणा आणि एका बटणात सगळे दिवे लागण्याची सोय. हे होईपर्यंत एकही मूल आत सोडू नका. सगळ्या पत्रातलं एवढंच ऐकलंत तरी चालेल.

एक लहान गोष्ट, जी मला फार आवडते. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग नावाच्या उद्यानात कचऱ्याच्या पेट्या बोलतात. एक खादाड जाडा माणूस, तोंड उघडं, ‘कागद इकडे’ म्हणतो आणि कागद टाकला की आभार मानतो. मुलं जमिनीवरचे कागद शोधून आणतात. तुमच्याकडे बकासुर बसवा. गाड्याच्या मापाचा, पोट सुटलेला, गडगडाटी आवाजाचा. उद्यान स्वच्छ राहील आणि सोमवारी शाळेत मुलं बकासुराबद्दलच बोलतील.

वडील म्हणतात त्यातलं घ्यायचं ते असं. टोकियोजवळ सेइबुएन नावाचं जुनं उद्यान होतं. २०२१ मध्ये त्यांनी ते नवं दाखवायचा प्रयत्न सोडून मुद्दाम १९६० च्या दशकातलं केलं, जुन्या बाजारपेठेचा रस्ता उभा केला, दुकानदार आणि पोलीस म्हणून कलाकार ठेवले. तुमच्याकडे नव्वदच्या दशकात सहलीला आलेली मुलं आज आई-बाप आहेत. वडिलांकडे जुने फोटो, तिकिटं, पहिल्या पाट्यांचे रंग असतील. रंग तोच मारा, जो तेव्हा होता, आणि जुन्या सहलींचे फोटो रांगांच्या छपराखाली लावा. लोक आपला वर्ग शोधत उभे राहतील. रांगेतला वेळ असाही जातो.

प्रवेशाकडे पाहा. फाटकातून आत आल्यावर समोर काय दिसतं? तिकीट खिडकीची पाठ आणि जनरेटर असेल तर तो हलवा. डिस्नेलँडमध्ये सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. जेजुरीला पायऱ्यांवर दीपमाळा हेच काम शेकडो वर्षं करत आहेत. तुमच्या आकाशपाळण्याला ती जागा द्या, आणि आवारातून जीवदानीचा डोंगर दिसत असेल तर तो झाकणारी प्रत्येक जाहिरातीची पाटी उतरवा. संध्याकाळी पाळण्यावर एकाच उबदार रंगाचे दिवे. सतरा रंगांची उघडझाप नको. तळ्यात त्याचं प्रतिबिंब पडू दे. सहा वाजता तळ्याकाठी अर्ध्या तासाचा काहीतरी कार्यक्रम ठेवा, मग तीनला निघणारे लोक सहापर्यंत थांबतात आणि रात्रीचं जेवण तुमच्याकडे होतं.

पावसाळा चार महिन्यांचा, म्हणजे वर्षाचा तिसरा भाग. तो सोडून देणं मला मान्य नाही, कारण मुंबईचा माणूस पावसात घरी बसत नाही, भिजायला लोणावळ्याला जातो. बोटसफर, भुताचं घर, डॅशिंग कार आणि उपाहारगृह यांना जोडणारा झाकलेला रस्ता करा. त्या रस्त्याच्या छपराची पन्हळी एका बाजूला वळवा, मुलं त्या धारांखाली नाचतील. कणीस, भजी, चहा. मोठ्या राइड्स वारा आणि विजेच्या वेळी बंद राहतील, तेव्हा तिकीट अर्धं ठेवा आणि फाटकावरच स्पष्ट लिहा.

शेवटचं, डब्याबद्दल. फाटकावर पिशव्या उघडून घरचे थेपले आणि पोळीभाजी काढून घेण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती बंद करा. झाडाखाली डबा खायला जागा द्या. घरचं खाल्लेली माणसं चार वाजता आइस्क्रीम आणि भेळ तुमच्याकडेच घेतात. आणि राइडवार कूपनांऐवजी मनगटपट्टी द्या. दर वेळी पाकीट काढावं लागलं की बापाच्या चेहऱ्यावर हिशेब येतो आणि तो मुलाला दिसतो.

यंदा सावली, बाकं, बाथरूम, रांगा, भुताच्या घराची आगीपासून सुरक्षा. पुढच्या दोन वर्षांत बोटसफर आणि झाकलेला रस्ता. त्यानंतर मुलाला म्हणावं, आता कोस्टरचे कागद आण, आपण बघू.

प्रश्न : मी अडुसष्ट वर्षांची. मे महिन्यात नातवंडांबरोबर अशा उद्यानांत जाते आणि सगळ्यांच्या चपला, मोबाइल, डबे सांभाळत बसते. आजीसाठी तिथे काही असायला नको का? – एक आजी, दादर

उत्तर : आजी, असायलाच हवं, आणि तुमचं पत्र मी वरच्या मालकांना वेगळं पाठवते आहे. मला वाटतं मुंबईला याचं उत्तर आधीच माहीत आहे. कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट आठवा. यंत्र नाही, रांग नाही, मूल वर खिडकीतून हात हलवतं आणि आजी खालून हात हलवते. दोघांचाही खेळ एकच असतो. तिथून जवळच मलबार हिलवर २०२५ मध्ये झाडांमधून जाणारा उन्नत निसर्गमार्ग सुरू झाला. तो फक्त चालायचा लाकडी रस्ता आहे, तरी लोक वेळ राखून ठेवून जातात. या वेळी नातवंडांना तिकडे घेऊन जा. आणि उद्यानात गेलात तर फाटकावर लॉकर मागा. नसेल तर अभिप्रायाच्या वहीत नाव घालून लिहा. ती वही मालक वाचतात.

प्रश्न : मी कल्याणला इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा करतो. मला उद्यानं डिझाइन करायची आहेत. सुरुवात कुठे करू? – एक विद्यार्थी

उत्तर : डिसेंबरात माहीमच्या उरुसाला जा, सप्टेंबरात बांद्र्याच्या जत्रेला. सोबत मोजपट्टी आणि वही. दोन पाळण्यांमधलं अंतर मोज, गल्ली किती रुंद असली की गर्दी अडते आणि किती असली की वाहते ते लिही, दिवे किती उंचीवर लावलेत बघ, कुठल्या दुकानासमोर मुलं थांबतात ते बघ. पाळणेवाल्यांशी बोल; ते मोकळं मैदान चार दिवसांत जिवंत करतात आणि ते कसं, हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. मराठीत बोललास तर बरेच जण चहा पाजतील. मग एकाच राइडची रांग नव्याने काढ, मापांसकट, सावलीसकट, म्हाताऱ्या माणसाच्या बाकासकट. राइड काढू नकोस. ते चित्र माझ्याकडे या स्तंभाच्या पत्त्यावर पाठव, मी बघून खुणा करून परत पाठवीन.